रात्री मीडियम वेव्हवर बोलणारं ते केंद्र कुठलं?

मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला काय लागतं, असं एखाद्या नागपूरकराला विचारलं तर तो लगेच सांगेल, ‘आकाशवाणी नागपूर.’ दिवसाढवळ्या विदर्भात हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. रात्री साडेनऊला रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात हाच आकडा लावला, तर मात्र उत्तर देण्यापूर्वी थोडं थांबावं लागतं. रेडिओ पाकिस्तानच्या इस्लामाबाद केंद्राचाही आकडा तोच आहे. खरखरीतून वर येणारा आवाज बातम्या वाचतोय, शब्द हिंदीसारखे वाटतात, दोन मिनिटं स्पष्ट ऐकू येतं आणि नेमकं नाव सांगायच्या वेळी आवाज बुडतो. नागपूर की इस्लामाबाद?

असं कोडं सोडवण्याचा छंद जगभर शंभर वर्षांपासून चालत आला आहे. त्याला डीएक्सिंग म्हणतात आणि ते करणाऱ्यांना डीएक्सर. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय विशेष, कान देऊन ऐकायचं आणि निवेदकानं नाव सांगितलं की लिहून घ्यायचं. प्रत्यक्षात दूरच्या केंद्राचं नाव कानावर स्वच्छ पडणं ही सगळ्यात शेवटी घडणारी आणि पुष्कळदा न घडणारीच गोष्ट असते. केंद्र ओळखलं जातं ते आकडा, घड्याळ, दिशा आणि सूर्य यांच्या साक्षीवरून. घरातला साधा ट्रान्झिस्टर, एक वही आणि नकाशा एवढ्यावर हे जमतं.

दिवसा जिल्हा, रात्री खंड

मीडियम वेव्हच्या लहरी ट्रान्समीटरपासून दोन वाटांनी निघतात. एक वाट जमिनीला धरून जाते. तिची मजल खडकाळ, कोरड्या प्रदेशात लवकर संपते, पण समुद्रावरून ती लांब जाते, कारण खारं पाणी जमिनीच्या कितीतरी पट चांगलं वीजवाहक असतं. दुसरी वाट आकाशाकडे जाते. तिथे, जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर, सूर्यप्रकाशामुळे हवेतल्या रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. हा भाग म्हणजे आयनांबर. त्याचा सर्वांत खालचा, ६० ते ९० किलोमीटरच्या दरम्यानचा थर ‘डी’ या नावानं ओळखला जातो. इथे हवा अजून बऱ्यापैकी दाट असते. लहरीनं हलवलेला इलेक्ट्रॉन गर्दीतून धावणाऱ्या माणसासारखा पावलोपावली कुणावर तरी आपटतो आणि लहरीची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. म्हणून दिवसा आकाशवाटेनं गेलेली मीडियम वेव्ह परत येतच नाही. आपल्याला ऐकू येतात ती जमिनीच्या वाटेनं पोचणारी जवळची केंद्रं.

सूर्य मावळला की डी थर झपाट्यानं विरतो. त्याच्या वरचे ‘ई’ आणि ‘एफ’ थर मात्र रात्रीही टिकून असतात आणि लहरींना पुन्हा जमिनीकडे वळवतात. मग हजार-दोन हजार किलोमीटरवरचं केंद्र घरात बोलू लागतं. मुंबईपासून मस्कत हवाई अंतरानं सुमारे दीड हजार किलोमीटर, म्हणजे आयनांबराच्या हिशेबानं एका उडीचं अंतर.

हे थर खरोखर आहेत हे सिद्ध झालं तेही मीडियम वेव्हच्या मदतीनंच. ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री, नेहमीचे कार्यक्रम संपल्यावर, बीबीसीच्या बोर्नमथ येथील ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी हळूहळू बदलत नेली गेली आणि एडवर्ड अ‍ॅपल्टन व माइल्स बार्नेट यांनी ऑक्सफर्डला आवाजाचे चढउतार मोजले. जमिनीवरून आलेली आणि वरून परतलेली लहर एकमेकींत मिसळून हे चढउतार होत होते. त्यांच्या संख्येवरून परावर्तन करणाऱ्या थराची उंची काढता आली. अ‍ॅपल्टन यांना १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच आयनांबराच्या अभ्यासाची परंपरा उभी केली.

यातून अनोळखी केंद्राबद्दलची पहिली कसोटी आयतीच मिळते. रात्री ऐकलेलं केंद्र दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाराला त्याच जागी लावून बघा. दुपारीही ते स्थिर आवाजात लागत असेल, तर ते जमिनीच्या वाटेनं येतंय, म्हणजे जवळचं आहे किंवा समुद्राच्या वाटेवरचं आहे. रात्री मात्र त्याचा आवाज लाटेसारखा वर-खाली होत असेल, बुडताना गाण्याचा स्वर फाटल्यासारखा होत असेल, तर ते आकाशातून आलेलं आहे.

आकड्यांची बेरीज

दुसरी कसोटी गमतीची आहे आणि तिला फक्त बेरीज यावी लागते. मीडियम वेव्हवर कुणी कुठेही बसायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली जिनिव्हात झाला आणि नोव्हेंबर १९७८ पासून तो अमलात आला. त्यानुसार आशिया, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत दर ९ किलोहर्ट्झवर एक अशा १२० जागा ठरल्या. या सगळ्या जागा ९ च्या पाढ्यातल्या आहेत. म्हणजेच आकड्यातल्या अंकांची बेरीजही ९ नं भागली जायला हवी. मुंबईचे १०४४ आणि ५५८, पुण्याचं ७९२, नागपूरचं ५८५, छत्रपती संभाजीनगरचं १५२१, कुठलंही घ्या, बेरीज ९ किंवा १८ येते.

आता समजा, तुमच्या ट्रान्झिस्टरवर ६११ ला एक आवाज आला. सहा आणि एक आणि एक, आठ. पाढ्यात बसत नाही. अमेरिका खंडात जागा १०-१० च्या अंतरानं आहेत, पण ६११ तिथल्याही हिशेबात बसत नाही. मग हे केंद्र कुठलं? बहुतेक वेळा कुठलंच नाही. ती तुमच्या रेडिओची करामत असते.

जुन्या बांधणीचे संच आलेला सिग्नल थेट वापरत नाहीत. आतला ऑसिलेटर लावलेल्या आकड्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि दोघांच्या फरकातून कार्यक्रम काढला जातो. ६११ लावलं की ऑसिलेटर १०६६ वर जातो. पण १०६६ पासून वरच्या बाजूलाही ४५५ इतक्याच अंतरावर एक आकडा आहे, तो म्हणजे १५२१. जवळचं १५२१ चं केंद्र जोरदार असेल तर ते या मागच्या दारानं आत शिरतं आणि ६११ ला बोलू लागतं. या प्रकाराला इमेज म्हणतात. खरी जागा आणि इमेज यांत नेहमी ९१० चा फरक असतो, आणि ९१० ला ९ नं भागलं तर बाकी एक उरते. म्हणून इमेज पाढ्यातल्या जागेपासून नेहमी एका किलोहर्ट्झनं चुकलेली असते. मिळालेल्या आकड्यात ९१० मिळवा आणि तिथे तेच गाणं चाललंय का बघा. चालत असेल तर गूढ संपलं.

दुसरी फसवणूक याहून चतुर आहे, कारण ती बेरजेच्या कसोटीवरही उत्तीर्ण होते. मुंबईत दोन जोरदार ट्रान्समीटरांच्या जवळ राहणाऱ्याला १६०२ वर कधी कधी दोन कार्यक्रम एकात एक मिसळलेले ऐकू येऊ शकतात. १०४४ आणि ५५८ यांची बेरीज करा, बरोबर १६०२. तसंच १०४४ च्या दुपटीतून ५५८ वजा केले तर १५३० येतात. दोन बलाढ्य सिग्नल एकाच वेळी संचात घुसले की संच त्यांची अशी बेरीज-वजाबाकी करून नसलेली केंद्रं तयार करतो. गंजलेले पत्रे आणि तारांचे सैल सांधेदेखील हे काम करू शकतात. ५५८ ची दुप्पट १११६ ही तिसरी संशयित जागा. यावर उपाय म्हणजे तेच केंद्र दुसऱ्या बनावटीच्या रेडिओवर, शक्यतो दुसऱ्या जागी लावून बघायचं. खरं केंद्र संच बदलला म्हणून जागा सोडत नाही.

सगळीच भुतं मात्र संचात नसतात. १९३३ साली नेदरलँड्समध्ये फिलिप्सचे संशोधक बर्नार्ड टेलेगेन स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत होते. मागून अंधुकसा रेडिओ लक्झेंबर्गचा कार्यक्रम येत होता. लक्झेंबर्गचा ट्रान्समीटर लाँग वेव्हवर होता, म्हणजे रेडिओपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. संचात दोष नव्हता. लक्झेंबर्ग हे बेरोम्युन्स्टर आणि टेलेगेन यांच्या साधारण मधल्या वाटेवर होतं आणि त्याच्या प्रचंड शक्तीमुळे वरच्या आयनांबरातले इलेक्ट्रॉन त्याच्या कार्यक्रमाच्या तालावर कमी-जास्त तापत होते. त्यांच्यामधून जाणाऱ्या स्विस लहरीवर त्या तालाचा ठसा उमटत होता. म्हणजे दोन कार्यक्रमांचं मिश्रण झालं होतं ते आकाशातच. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बेली आणि मार्टिन यांनी त्याचा सिद्धान्त मांडला. आजही हा प्रकार लक्झेंबर्ग परिणाम म्हणूनच ओळखला जातो.

घड्याळ काय सांगतं

केंद्र खरं आहे हे ठरल्यावर मग देश शोधायचा. इथे आपल्याला एक सोय आहे, जी युरोपातल्या श्रोत्याला नाही. आपल्या भोवतालच्या देशांची घड्याळं विचित्र आहेत. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे. श्रीलंकाही तिथेच. पाकिस्तान पाच तास, ओमान आणि संयुक्त अरब अमिरात चार, सौदी अरेबिया आणि कुवेत तीन, बांगलादेश सहा, चीन आठ. पण इराण साडेतीन, अफगाणिस्तान साडेचार, म्यानमार साडेसहा. आणि नेपाळ पावणेसहा.

जवळजवळ प्रत्येक केंद्र आपल्या घड्याळात तास भरला की वेळेचे ठोके देतं, नाव सांगतं, बातम्या सुरू करतं. म्हणून भाषा कळली नाही तरी चालेल, ठोके कधी पडले ते आपल्या घड्याळात बघा. आपल्याकडे बरोबर नऊ वाजता पडले, तर ते केंद्र भारत, श्रीलंका, इराण, अफगाणिस्तान किंवा म्यानमारचं. साडेनऊला पडले, तर पाकिस्तान, आखाती अरब देश, बांगलादेश, थायलंड, चीन यांपैकी. लंडनसारख्या ठिकाणाहून जगासाठी चालणाऱ्या सेवाही यूटीसीच्या तासाला धरून असल्यानं याच गटात येतात. आणि पावणेनऊला पडले, तर दुसरा विचार करायचं कारण नाही, तिकडे नेपाळात नऊ वाजले आहेत. सुरुवातीच्या ५८५ च्या कोड्याला हीच चावी लागते. बातम्यांचा प्रारंभ नऊच्या ठोक्याला होतो की साडेनऊच्या, एवढ्यावरून नागपूर आणि इस्लामाबाद वेगळी काढता येतात. एका रात्रीत खात्री वाटली नाही तर लागोपाठ दोन-तीन तासांचे ठोके टिपावेत.

अजानही असंच घड्याळ आहे. आखातातली पुष्कळ केंद्रं मगरिबची अजान प्रसारित करतात आणि ती त्या गावच्या सूर्यास्ताला होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मस्कत मुंबईच्या पश्चिमेला साधारण १४ अंश आहे, म्हणजे तिथला सूर्यास्त आपल्यापेक्षा सुमारे तासाभरानं. अजानची वेळ टिपली की केंद्राचा रेखांश अदमासे हाती येतो. ऋतूप्रमाणे थोडी मिनिटं इकडेतिकडे होतात, ती पंचांगातून दुरुस्त करता येतात.

ट्रान्झिस्टर फिरवून बघा

मीडियम वेव्हसाठी ट्रान्झिस्टरची लांब दांडी उपयोगाची नसते, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्हचं एरियल संचाच्या पोटात आडवं असतं. तांब्याची बारीक तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी. बहुतेक संचांत ती लांबीच्या दिशेनं बसवलेली असते. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज सर्वांत क्षीण होतो. मोठा आवाज कुठल्या दिशेला आहे हे शोधत बसू नका, तो दिशेच्या थोड्या फरकानं बदलत नाही. आवाज कुठे पडतो ते शोधा, ती दिशा नेमकी सापडते. संच सपाट ठेवून सावकाश फिरवायचा, आवाज पडला की लांबीच्या दिशेची रेघ नकाशावर ओढायची. रात्री आकाशातून आलेली लहर ही जागा थोडी पुसट करते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं पुन्हा बघावं.

यात एक अडचण आहे. रेघ मिळते, पण केंद्र तिच्या कुठल्या टोकाला ते कळत नाही. रत्नागिरीत बसून ८८२ किलोहर्ट्झवर हे करून बघण्यासारखं आहे. तिथे तमिळ, हिंदी अशा भारतीय भाषांत कार्यक्रम ऐकू येतात, पण आकाशवाणीचं नाव कुठेच नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. भारतात खासगी कंपन्यांना रेडिओचे परवाने मिळाले ते एफएमचे, मीडियम वेव्ह आकाशवाणीच्याच हाती राहिली. तेव्हा भारतीय भाषा आणि आकाशवाणी नाही, याचा अर्थ केंद्र सीमेबाहेरचं. आता संच फिरवला की रेघ वायव्य-आग्नेय येते. नकाशावर ती रेघ वायव्येला कराचीजवळून जाते आणि आग्नेयेला श्रीलंकेच्या पुत्तलमवरून. दोन्ही ठिकाणं रत्नागिरीपासून जवळजवळ एकाच रेषेत, पण विरुद्ध बाजूंना आहेत.

निकाल सूर्य देतो. जानेवारीत पुत्तलमला सूर्य रत्नागिरीच्या अर्ध्या तासाहून अधिक आधी उगवतो आणि कराचीला तितकाच उशिरा. केंद्र श्रीलंकेचं असेल, तर तिकडे उजाडताच वाटेच्या त्या टोकाला डी थर तयार होऊ लागेल आणि रत्नागिरीत अंधार असतानाच आवाज खचायला लागेल. कराचीचं असेल, तर रत्नागिरीत फटफटेपर्यंत ते टिकेल. ८८२ चं केंद्र पहाटे लवकर मावळतं. हा पुत्तलमचा ४०० किलोवॉटचा ट्रान्समीटर, ज्यावरून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ ही ख्रिस्ती प्रसारण संस्था वर्षानुवर्षं भारताकडे तोंड करून कार्यक्रम देत आली आहे. पूर्वेकडची केंद्रं पहाटे आधी जातात, पश्चिमेकडची मागून, हा नियम कोकणातल्या श्रोत्यानं पाठ करून ठेवावा.

भाषेवर विसंबू नये

नवशिक्या श्रोत्याची सर्वांत जास्त फसगत होते ती भाषा ओळखता आल्यामुळे. १५७५ किलोहर्ट्झचं उदाहरण घ्या. रात्री तिथे खणखणीत फारसी बातम्या लागत. फारसी म्हणजे इराण, असं म्हणून कुणी वहीत ‘इराण’ लिहिलं तर ते साफ चूक. ते केंद्र म्हणजे रेडिओ फर्दा. पैसा अमेरिकी सरकारचा, स्टुडिओ प्रागमध्ये, ट्रान्समीटर संयुक्त अरब अमिरातीत आणि श्रोते इराणातले. आणि त्याच १५७५ वर थायलंडमधूनही अमेरिकेचाच १००० किलोवॉटचा दुसरा ट्रान्समीटर आग्नेय आशियातल्या भाषांत बोलत असे. त्यामुळे संध्याकाळी पूर्वेकडून एक आवाज आणि रात्र चढल्यावर पश्चिमेकडून दुसरा, एकाच आकड्यावर. बीबीसीचे कार्यक्रमही १४१३ किलोहर्ट्झवर आपल्याकडे येत ते लंडनहून थेट नव्हे, ओमानच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्समीटरवरून.

म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत, एक केंद्राचा आणि एक ट्रान्समीटरच्या जागेचा. भाषा पहिल्या रकान्याला मदत करते, दुसऱ्याला नाही.

नाव ऐकण्याची सर्वोत्तम वेळ तासाच्या दोन मिनिटं आधीपासून दोन मिनिटं नंतरपर्यंत, आणि सभा सुरू होताना व संपताना. पुष्कळ केंद्रांची ओळख धूनच असते. आकाशवाणीची सकाळची धून, जिचं श्रेय काही वर्षं मुंबईत राहिलेल्या वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं, ती आपल्याला झोपेतही ओळखू येईल. तशाच दुसऱ्यांच्याही असतात. व्हॅटिकन रेडिओची ‘ख्रिस्तुस विन्चित’, रेडिओ ऑस्ट्रेलियाची पूर्वीची ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’, डॉइच वेलेची बेटहोवनच्या ‘फिदेलिओ’ ऑपेरामधली धून. खरखरीत शब्द बुडतात, पण धून तरते. त्यामुळे शेजारी देशांच्या धुना आणि ठोके आधीच ऐकून ठेवलेले असले की अर्धं काम होतं.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यानं सोपा केला आहे. तिथल्या प्रत्येक केंद्राला तासाला एकदा आपली संकेताक्षरं आणि परवान्याचं गाव सांगावं लागतं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अक्षरं डब्ल्यूपासून आणि पश्चिमेला केपासून सुरू होतात. १९२० पासूनचं पिट्सबर्गचं केडीकेए हा त्यातला प्रसिद्ध अपवाद. याच सोयीमुळे फिनलंडच्या लॅपलँडमध्ये जाऊन बसणारे डीएक्सर अमेरिकेतल्या अवघ्या एक किलोवॉटच्या गावठाणातल्या केंद्रांचीही नावं पकडतात. तिकडे ऐन हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, त्यामुळे डी थराचा त्रास नाही, आणि जंगलात जमिनीलगत किलोमीटरभर लांबीची तार ताणून एरियल करता येतं. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, पण कोकण किनाऱ्याला अरबी समुद्र आहे. किनाऱ्यावर पश्चिमेकडून येणारे सिग्नल घाटावरच्यापेक्षा चांगले लागतात, त्याचं कारण ते खारं पाणीच.

आजची साधनं आणि आजचे अडथळे

पूर्वी हातात फक्त संच आणि ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’ असे. १९४७ पासून निघालेलं हे जाडजूड पुस्तक म्हणजे जगभरच्या केंद्रांची यादी. आता संगणकाला जोडायचे सॉफ्टवेअर रेडिओ मिळतात. ते सिग्नल पडद्यावर रेघांसारखा दाखवतात आणि फ्रिक्वेन्सी एका हर्ट्झपर्यंत मोजतात. प्रत्येक ट्रान्समीटर ठरलेल्या आकड्यापासून थोडासा सरकलेला असतो आणि हा सरकलेपणा त्याची खूण ठरतो. एकाच जागेवर पडद्यावर तीन रेघा दिसल्या म्हणजे तिथे तीन केंद्रं आहेत, मग कानाला एकच ऐकू येत असलं तरी. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कुणीही लावू शकतो. जीपीएसची वेळ वापरणारे काही जाळ्यातले रेडिओ तर एकच सिग्नल वेगवेगळ्या गावी किती सूक्ष्म फरकानं पोचला हे मोजून ट्रान्समीटरची जागा नकाशावर दाखवतात. शिवाय संशयित केंद्राचा कार्यक्रम इंटरनेटवर चालत असेल तर दोन्ही आवाज शेजारी ठेवून ताडता येतात. इंटरनेटवरचा आवाज काही सेकंदांनी मागे असतो एवढं लक्षात ठेवायचं.

अडथळेही नवे आहेत. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचा कलकलाट मीडियम वेव्हवर सगळीकडे पसरतो. आकाशवाणीच्या काही ट्रान्समीटरांवरून डीआरएम पद्धतीचं डिजिटल प्रसारण होतं. साध्या संचावर ते धबधब्यासारख्या सलग घोंगावण्याच्या रूपात ऐकू येतं. त्यात काही दडलेलं नाही, पण नवखा माणूस त्यालाच गूढ संदेश समजून बसतो.

आणि केंद्रंही कमी होत आहेत. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकनं २०१५ च्या अखेरीस मीडियम वेव्ह सोडली, फ्रान्सनंही त्याच सुमारास. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॉटच्या ट्रान्समीटरनं रात्रभर देशभर ऐकू येणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली होती, ती बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला. एक मोठं केंद्र गेलं की त्या जागी इतके दिवस दबलेली दूरची केंद्रं वर येतात, त्यामुळे आजची यादी उद्या चालत नाही.

यादीचा आणखी एक धोका आहे. अमुक आकड्यावर अमुक केंद्र असतं असं आधी वाचलं की खरखरीत तेच नाव ऐकू येऊ लागतं. म्हणून अनुभवी डीएक्सर आधी ऐकतो, लिहितो, आणि यादी सगळ्यात शेवटी उघडतो. त्याच्या वहीत तारीख, यूटीसीतली वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, ऐकलेले शब्द किंवा गाणी, ठोक्यांची वेळ, आवाज पडण्याची दिशा आणि पहाटे मावळण्याची वेळ, इतकं असतं. सिग्नलची प्रत एक ते पाच अशा गुणांनी पाच बाबतींत लिहायची सिन्पो नावाची पद्धत आहे. अशी अर्ध्या तासाची नोंद केंद्राला पाठवली आणि ती त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेशी जुळली, तर पुष्कळ केंद्रं खातरजमेचं क्यूएसएल कार्ड पाठवतात. त्या कार्डाइतका पक्का पुरावा दुसरा नाही. ‘छान ऐकू आलं, कार्ड पाठवा’ एवढंच लिहिणाऱ्याला ते मिळू नये, हेही रास्तच.

इतकं करून नाव कळलं नाही, तर वहीत ‘अनोळखी’ असं लिहावं आणि बाकीचा तपशील पूर्ण भरावा. चुकीचं नाव पुढच्या शोधाचं दार बंद करतं. अनोळखी म्हणून केलेली प्रामाणिक नोंद महिन्याभरानं, दुसऱ्या कुणाच्या नोंदीशेजारी ठेवली की पुष्कळदा आपोआप सुटते. तेव्हा घरात जुना ट्रान्झिस्टर पडून असेल तर त्यात नवे सेल घाला, चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, संच खिडकीशी न्या आणि रात्री पावणेनऊ ते साडेनऊ एवढा वेळ ५३१ पासून १६०२ पर्यंत सावकाश फिरा. वही-पेन आणि बरोबर लावलेलं घड्याळ मात्र शेजारी असू द्या.